सरकाबाईचा सातचा नेम

पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा पुढच्या दाराच्या पायरीवर आधीच चार जण होते, आणि त्यातल्या एकाचा एकच पाय गाडीत होता. खाली सात-आठ बायका डबे सांभाळत उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे निळी पिशवी घेतलेली होती ती कंडक्टरबाईची सख्खी नणंद.

"वहिनी, एक पाय ठेवू दे गं," नणंद म्हणाली.

कंडक्टरबाईने खाली पाहिलं, मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मनात पाच झाले होते. सहा. सात.

"जागा नाही हो ताई. मागून येईल त्या गाडीने या," ती म्हणाली, आणि हाताने घंटेची दोरी दोनदा ओढली. टण टण. गाडी हलली. नणंदेने नुसती निळी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं ते पिशवी बदलणं कंडक्टरबाईला लागलं.

आणि त्यानंतर तिने मान वळवून गाडीत मागे पाहिलं. पुढच्या दारापासून मधल्या खांबापर्यंत माणसं अशी चिकटून उभी होती की कोणतं कोपर कुणाचं हे कळू नये. खांबाच्या पलीकडे मात्र चटई अंथरून झोपावं एवढी मोकळी जागा. अगदी मागच्या बाकावर चार-पाच जण खिडकीतून बाहेर बघत निवांत बसलेले.

"मागे सरका! अहो मागे सरका ना! मागे गाव वसेल एवढी जागा आहे!"

कुणी हललं नाही. तशी ती रोज दोनशे वेळा हे ओरडायची, म्हणून तर लोकांनी तिचं नावच सरकाबाई पाडलं होतं. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. अकरा वर्षं याच मार्गावर काढल्यावर माणसाला आपलं टोपणनाव कळायचं राहत नाही.

त्या अकरा वर्षांत सरकाबाईची गाडी शेवटच्या थांब्यावर एकदाही उशिरा पोचली नव्हती. त्याचं तिचं एक गुपित होतं. गाडी थांबली की ती मनात एकपासून मोजायची आणि सात झाले की दोरी ओढायची. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. ऊन असो, गर्दी असो, सातचे आठ कधी झाले नाहीत. जशी काही माणसं सकाळी उठल्यावर पाण्याचा घोट घेण्याआधी आपलं ठरलेलं नाव घेतात, तसा तिचा हा नेम होता, आणि तो मोडला नाही याचं तिला समाधान होतं. आगाराने तिला वक्तशीरपणाचा पितळी बिल्ला दिला होता. ती तो रोज चिंचेने नाही तरी फडक्याने घासायचीच.

दुपारी ती घरी आली तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. सासूबाईंची उजवी बाजू गेली होती, त्यांना एकटं ठेवता येत नसे. सरकाबाई पहाटे साडेपाचला आगारात जायची, तिचा नवरा बेकरीतून सव्वासातला परत यायचा, तोपर्यंत आईजवळ नणंद बसायची. भाऊ उंबऱ्यात आला की नणंद पिशवी उचलून धावायची. म्हणजे तिला सात अडतीसची तीच एक गाडी, आणि त्या गाडीवर तिची वहिनीच कंडक्टर. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, घरची गाडी आहे.

संध्याकाळी नणंद आली, पाय धुतले, आईच्या उशाशी बसली आणि मग शांतपणे म्हणाली, "दुसरी फुली पडली."

सरकाबाईच्या हातातली कणीक हातातच राहिली.

नणंद बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर बाटली दिव्यासमोर धरायची, फिरवायची, आत बुडबुडा किंवा चीर दिसली की बाजूला टाकायची. आठला फाटक बंद. त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल फुली, आणि एका महिन्यात तीन फुल्या झाल्या की कामावरून कमी. महिना संपायला अजून तीन कामाचे दिवस होते, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"आधीची पण याच गाडीची?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय विमानाची?" नणंद म्हणाली. "घरच्या गाडीनेच दोन्ही दिल्या. बाहेरच्याने दिल्या असत्या तर भांडले तरी असते."

"ताई, मी काय करू? लोक मागे सरकतच नाहीत. घसा फुटेपर्यंत ओरडते."

"ते दिसतं गं खालून. मागच्या खिडक्यांतून आरपार पलीकडचं दुकान दिसतं." नणंदेने आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, बाटली हातात आली की आधी बुडाकडून बघायची. तोंडाकडून सगळ्याच चांगल्या दिसतात. तू तुझी गाडी कधी बुडाकडून बघितलीस का?"

सरकाबाई हसली, पण ते वाक्य तिच्या कानात रात्रभर राहिलं.

बुधवारी तिने ओरडणं बंद केलं आणि विचारायला सुरुवात केली. पहिला सापडला शिंपी. कपड्यांचं मोठं गाठोडं काखेत घेऊन तो रोज पुढच्या दाराच्या बाजूलाच खांबासारखा उभा राहायचा.

"काका, मागे का नाही जात? गाठोडं खाली ठेवता येईल, हात मोकळा होईल."

"जातो की. पण मला पुढच्याच थांब्यावर उतरायचंय."

"काका, तुमचं तिकीट मीच फाडलंय. तुम्हाला अजून नऊ थांबे आहेत."

शिंप्याने तिकिटाकडे असं पाहिलं जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. "हो का? म्हणजे आहेत, पण उतरायचं तर आहेच ना!"

तिने शाळेतल्या मास्तरीणबाईंना विचारलं, दवाखान्यात नोंदी करणाऱ्या माणसाला विचारलं, एका जाडजूड पैलवानाला विचारलं. सगळ्यांना पुढच्याच थांब्यावर उतरायचं होतं. कुणाला सात थांबे होते, कुणाला दहा. खोटं बोलतोय असं कुणाच्याच तोंडावर नव्हतं. सरकाबाईला राग यायला हवा होता, पण कुतूहलच वाटू लागलं. एवढी शहाणी माणसं एकाच गोष्टीबद्दल एकच खोटं का सांगत असतील?

"अगं, मेंढरं ती," ड्रायव्हरदादा आरशात बघत म्हणाले. "एक उभा राहिला की दहा उभे राहतात."

"मेंढरं मोकळ्या जागेकडे जातात, दादा. ही उलटी जातात."

टाकीच्या थांब्यावर नणंदेने कुणाच्या तरी काखेखालून एक हात आत घातला, कडी पकडली आणि पायरीवर लटकली. डबा बाहेर, ती अर्धी आत. फाटक गाठलं, पण उतरताना म्हणाली, "वहिनी, उद्या सुटी ना तुझी? उद्या माझ्याबरोबर ये. खालून चढून बघ."

गुरुवारी सरकाबाई घरातल्या साध्या कपड्यांत, बिल्ल्याशिवाय, टाकीच्या थांब्यावर नणंदेशेजारी उभी राहिली. तिच्या जागी त्या दिवशी लंबू होता. लंबू तिच्याच हाताखाली शिकलेला, दोन वर्षांपूर्वी. गाडी आली तशा दोघी घुसल्या. कशा घुसल्या ते विचारू नये. नणंदेने आपला जेवणाचा डबा तेवढा डोक्यावर धरून वाचवला.

"मागे सरका! मागे सरका!" लंबू ओरडला. अगदी तिच्याच सुरात.

आणि सरकाबाई हलली नाही.

तिचं तिलाच नवल वाटलं. मागे जागा आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी पाय जमिनीला चिकटलेले. डोळे दारावर आणि लंबूच्या दोरीवरच्या हातावर. मनात काय चाललंय ते तिने हळूच, चोरून पाहावं तसं पाहिलं. तिथे एवढंच होतं, की हा हात माझ्या नजरेसमोर असू दे. तिला पुढच्याच थांब्यावर उतरायचं नव्हतं. पण कुणी विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं.

"मी जरा बुडाकडून बघून येते," ती नणंदेला म्हणाली आणि माणसं बाजूला करत मागे गेली.

मागे वारा होता. खांबाच्या पलीकडे एक पाऊल टाकलं आणि जसं लग्नघरातून अंगणात यावं तसं वाटलं. मागच्या बाकावर एक आजी विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी सुया न थांबवता सरकून जागा दिली.

"शेवटच्या थांब्यापर्यंत का?" आजींनी विचारलं.

"नाही, कारखान्याला उतरायचंय."

"मग इथे कशाला आलीस बाई?" आजींच्या सुया थांबल्या. "इथे आम्ही शेवटच्या थांब्याची माणसं बसतो. मधे उतरणाऱ्याने मागे यायचं नसतं."

"का? मागे दार आहे की."

"दार आहे, पण दाराला डोळे नाहीत. ड्रायव्हरला हे दार दिसत नाही आणि कंडक्टर पुढे बघून घंटा मारतो. हा पोरगा तरी नवा आहे. रोज ती सरकाबाई असते ना, ती तर घड्याळच आहे. माझ्या गुडघ्यांनी मी उठेपर्यंत तिची टण टण झालेली असते. दोनदा पुढे नेलं मला तिने. तेव्हापासून मी मुलीकडे उतरतच नाही, शेवटपर्यंत जाते आणि तिथून रिक्षाने परत येते. बाई मनाची वाईट नाही हं, पण ओरडते मागे आणि बघते पुढे."

सरकाबाईने पदर उगाच सारखा केला. "तुम्ही सांगितलं नाही तिला?"

"ती ऐकण्याइतकी मागे आली तर सांगीन!"

कारखान्याचा थांबा आला. सरकाबाई उठली. आजींच्या पायाशी लोकरीचा गुंडा होता, तो चुकवून पाऊल टाकलं, दाराच्या दांड्याला हात लावला, पुढच्या दारातून उतरलेली नणंद तिला खिडकीतून दिसली. आणि टण टण. गाडी हलली.

"अहो, उतरायचंय!" ती ओरडली. तिचा आवाज, जो दोनशे वेळा पुढून मागे जायचा, तो मागून पुढे गेलाच नाही.

पुढच्या थांब्यावर ती पुढच्या दाराशी जाऊन उतरली तेव्हा लंबूने तिला ओळखलं आणि कान पकडले. "बाई! तुम्ही मागे होतात? मला वाटलं मागे कुणी उतरणारं नसणार."

"किती मोजलेस?"

"सात," लंबू अभिमानाने म्हणाला. "तुम्हीच तर शिकवलंत."

एक थांबा चालत परत यायला तिला पंधरा मिनिटं लागली. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत ती स्वतःला दिसली, आणि अकरा वर्षं आपण काय केलं ते तिला त्या काचेतल्यासारखं लख्ख दिसलं. ज्या लोकांना ती मागे सरका म्हणून ओरडत होती, त्यांना तीच आपल्या घंटेने पुढे खेचून धरत होती. एकदा ज्याला पुढे नेऊन सोडलं, तो जन्मात मागे जाणार नव्हता, आणि त्याला बघून नवा आलेलाही जाणार नव्हता. तिने नेम पाळला होता. घड्याळाचा पाळला होता. ज्यांच्यासाठी घड्याळ, ते मात्र मोजणीच्या बाहेरच राहिले होते.

शुक्रवारी आगारात ती गाडीत चढली आणि सरळ मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"हे काय?" ड्रायव्हरदादांनी मान वळवली. "रुसलीस की काय माझ्यावर?"

"आजपासून तिकीट मागे, दादा. घंटाही मागूनच. दोरी काय, छतभर आहेच."

"आणि घड्याळ? ते इथे आहे, माझ्या डोक्यावर."

"ते तुमच्या डोक्यावरच राहू दे."

पहिल्या थांब्यावर माणसं चढली, सवयीने उजवीकडे तिकिटासाठी पैसे पुढे केले, तर तिथे कुणी नाही. गोंधळली. "तिकीट इकडे! या, या!" तिकीट घ्यायला सगळे मागे आले आणि घेतल्यावर पुन्हा पुढे निघाले. शिंपी तर तिकीट तोंडात धरून गाठोड्यासकट उलटा फिरला.

"काका, थांबा." तिने आवाज चढवला नाही. "कुठे उतरायचंय ते मला माहीत आहे. तुम्ही जमिनीवर पाय टेकल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही. सगळ्यांनाच सांगते, शेवटचा माणूस उतरेपर्यंत गाडी हलणार नाही."

"म्हणायला काय जातं," पैलवान पुटपुटला. पण तो थांबला. शिंपीही थांबला, गाठोडं काखेत घट्ट. सगळ्यांची नजर तिच्या हातावर होती, आणि ती नजर कसली आहे ते तिला कालपासून ओळखता येत होतं.

तिसऱ्या थांब्यावर काठीवाले गृहस्थ उतरायला उठले. आधी काठी, मग डावा पाय, मग दांडा शोधणारा हात. सरकाबाईच्या मनात मोजणी आपोआप सुरू झाली, अकरा वर्षांची सवय ती. पाच. सहा. सात. हात तिच्या परवानगीशिवाय वर गेला. शिंप्याने डोळे मिटून घेतले.

शुक्रवार होता. टाकीचा थांबा अजून दोन थांबे लांब होता, आणि तिथे निळी पिशवी घेऊन नणंद उभी होती. तिच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. इथे गेलेला प्रत्येक सेकंद तिच्या फाटकाच्या वेळेतून जाणार होता. आणि इथे घंटा वाजली असती, तर ही सगळी माणसं आत्ताच्या आत्ता पुढच्या दाराशी गेली असती आणि नणंद आज पायरीवरही मावली नसती. काय बरोबर ते तिला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. तिने तो खाली घेतला आणि पैशांच्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

बारा. तेरा. पुढून ड्रायव्हरदादांचा आवाज आला, "झोपलीस का गं मागे?"

"एक जण उतरताहेत, दादा!"

एकोणीस झाले तेव्हा काठीवाल्यांचा दुसरा पाय जमिनीला टेकला. त्यांनी वळून वर पाहिलं. तिने दोरी ओढली. टण टण.

आणि शिंप्याने गाठोडं खाली ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हात झाडला, बोटं उघडली-मिटली, आणि खिडकीतून बाहेर असं बघायला लागला जणू हा रस्ता त्याने कधी पाहिलाच नव्हता.

टाकीच्या थांब्यावर पुढचं दार रिकामं होतं. डबेवाल्या बायका क्षणभर चढल्याच नाहीत, त्यांना वाटलं गाडी बिघडली. मग नणंद चढली आणि तिच्यामागून बाकीच्या. रोज जिथे ढकलाढकलीत सात मोजून होईपर्यंत दोघी-तिघीही चढायच्या नाहीत तिथे सगळ्या जणी आत यायला सहा मोजावे लागले. सरकाबाईने मोजले. सवय ती, इतक्यात कशी जाणार?

"दादा, किती वाजले?" तिने मागून विचारलं.

"अडतीस व्हायला हवे होते इथे, बेचाळीस झालेत. आज तुझा बिल्ला जातो बघ!"

"जाऊ दे. गाडी मात्र जाऊ द्या लवकर!"

नणंद माणसांतून वाट काढत तिच्याजवळ आली. मागची गर्दी पाहिली, पुढची मोकळी जागा पाहिली, आणि बाटली फिरवून बघावी तशी वहिनीकडे बघत राहिली. "पोचेन का गं?"

"चढायला-उतरायला वेळ लागत नाहीये आज. बघू." एवढंच सरकाबाई म्हणाली. मनात मात्र तिने देवाला हात जोडले, आणि त्यालाही वेळेचं काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, तू बघ.

मधल्या थांब्यांवर माणसं दोन्ही दारांनी भराभर उतरली. कारखान्याच्या थांब्यावर नणंद मागच्या दारातून उतरली आणि पळाली. तिच्या मागून आजी उठल्या होत्या, विणकाम पिशवीत घातलेलं. "इथून मुलीचं घर जवळ आहे," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांना विचारत विचारत एक एक पायरी उतरू लागल्या. सरकाबाईने दोरी सोडून त्यांच्या कोपराला हात दिला. आजींनी आज पहिल्यांदाच नीट तिच्या तोंडाकडे पाहिलं, गणवेशाकडे पाहिलं, आणि त्यांची जीभ दाताखाली गेली.

"अगंबाई! परवा, नाही, काल... तूच का ती?"

"मीच, आजी. सावकाश उतरा."

आजी उतरल्या. घंटा झाली. गाडी निघाली तशी सरकाबाई मागच्या काचेकडे धावली. पुढे उभं राहून हे फाटक तिला कधी दिसलंच नव्हतं. राखणदार फाटक ओढत होता. लोखंडाची फट बारीक होत होती, आणि त्या फटीतून निळी पिशवी आत गेली, मग पदर, मग एक पाय. फाटक बंद झालं. मग फाटकाच्या वर एक हात दिसला, त्यात जेवणाचा डबा, आणि तो डबा दोनदा हलला. टण टण असं तो वाजला असणार, काचेतून ऐकू मात्र आलं नाही.

शेवटच्या थांब्याला अजून पाच थांबे होते. गाडी उशिरा पोचणार हे पक्कं होतं. नोंदवहीत आज काय लिहायचं ते तिने मनात ठरवून ठेवलं, जे झालं तेच. डोळे पुसून ती वळली आणि बघते तर काय, मागच्या दारापासून मधल्या खांबापर्यंत माणसं एकमेकांना चिकटून उभी. नवीन चढलेलेही तिकीट घेऊन तिथेच थांबलेले. खांबाच्या पुढे ड्रायव्हरदादांपर्यंत चटई अंथरावी एवढी जागा.

"अहो, पुढे सरका की थोडं!" तिच्या तोंडून निघून गेलं.

कुणी हललं नाही. तिच्या अगदी शेजारी, गाठोडं पायाशी ठेवून उभ्या असलेल्या शिंप्याकडे तिने पाहिलं. "काका, तुम्ही तरी."

"सरकलो असतो हो," शिंपी म्हणाला, "पण मला पुढच्याच थांब्यावर उतरायचंय."

त्याला अजून तीन थांबे होते.